कोरीन वहिनीचा दवाखाना

हॅलर्टन, नेब्रास्का
६ मार्च १९८८

ती. दादास वेंडेलचा सा. न.

गावाला शेवटी नर्स मिळाली. डॉक्टर वारल्यापासून दीड वर्ष दवाखान्याला कुलूप होतं. जाहिराती मीच सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. दोघी आल्या, स्वागताचा केक खाऊन परत गेल्या. तिसरी राहिली. ही नुसती इंजेक्शन देणारी नर्स नाही. तपासते, औषधही लिहून देते. दादा, ती आपली कोरीन वहिनी आहे. आता वहिनी म्हणायचं की नाही, तूच सांग.

आईच्या टाचेला जखम झाली आहे. तिची साखर तुला माहीत आहेच. सोमवारी जखम शर्टाच्या बटणाएवढी होती, आज कोटाच्या बटणाएवढी आहे. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, माझ्या पोराला टाकून गेली तिच्यापुढे मी मोजे काढू? नव्वद मैलांवरच्या इस्पितळात नेतो म्हटलं तर म्हणते, एवढ्याशासाठी? तुझी हरकत नाही, एवढं तिला लिही.

तुझ्या लोभातला,
वेंडेल

ओरेगॉन
१४ मार्च

चि. वेंडेलला आशीर्वाद.

तू बटणं मोजत बसलास हे वाचून हसू आलं. लहानपणी वासरांचे दातही वहीत लिहायचास. मलम लाव, बरं होईल. या भानगडीत मला ओढू नकोस. जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? इथे लाकडाच्या गिरणीत जादा पाळ्या आहेत. तिने केस अजून आखूडच ठेवलेत का? सहज विचारलं.

आईला जप, माझ्यावर माया ठेव.
मेरिट

हॅलर्टन
२० मार्च

ती. दादास सा. न.

गिरणीत दोनदा फोन केला, तू फोनवर आला नाहीस. मलम लावलं. आता जखमेला वास येतो, आणि एकही बटण पुरत नाही.

कोरीन वहिनीकडे जखमेच्या नोंदींची वही घेऊन गेलो. तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, वेंडेल, वहीला औषध देता येत नाही, पाय आण. संध्याकाळी ती स्वतःच आली. आईने जाळीच्या दाराला आतून कडी घातली आणि ओरडली, आमच्याकडे कोणी आजारी नाही! वहिनी दहा मिनिटं पायरीवर उभी होती. जाताना म्हणाली, फार तर एक आठवडा, मग पाय कापावा लागेल.

दादा, त्या ऑक्टोबरात तुझी बॅग गाडीत मीच ठेवली. वहिनी कामावर होती. आईला सांगू नकोस म्हणालास, म्हणून सात वर्षं सांगितलं नाही. मी सांगून ती मानणार नाही, तिला तुझंच अक्षर हवं. शनिवारपर्यंत पत्र आलं नाही तर तरीही सांगेन. अक्षर बिघडलं असेल तर क्षमा कर.

वेंडेल

ओरेगॉन
२३ मार्च

ती. आईस सा. न.

कोरीन गेली नव्हती, मी गेलो. ती कामावर असताना बॅग भरली, चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. तू तिला दोष दिलास तेव्हा मला बरं वाटलं. वेंडेलला बोलू नकोस, त्याला मी गप्प बसवलं होतं. तिला पाय दाखव.

मेरिट

हॅलर्टन
२७ मार्च

ती. दादास सा. न.

तुझं पत्र काल आलं. आईने उभ्या उभ्याच वाचलं आणि बूट मागितले. मला म्हणाली, तुझ्याशी नंतर बोलते.

शनिवार असूनही वहिनीने दवाखाना उघडला. ती जखम साफ करत असताना आई तिला म्हणाली, तू मला लिहिलेली पत्रं मी न फोडता परत पाठवली. वहिनी म्हणाली, हो, मिळाली, हलू नका. आई हलली नाही, पण रडली. दुखलं म्हणून नाही. त्या टाचेत तिला काही जाणवतच नाही.

पाय वाचेल का, ते उद्या इस्पितळात हाडाचा फोटो काढल्यावर कळेल. तिथे द्यायचा एक अर्ज मी भरला. वेळ आलीच तर कुणाला कळवायचं, असं त्यात विचारलं होतं. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. दुसरीत तुझं लिहू लागलो तर आईने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे रिकामी. त्याला वाटलं तर येईल आणि स्वतः लिहील.

सकाळी सातला निघतो आहोत. अर्ज माझ्याकडे आहे.

लोभ आटू देऊ नकोस.
वेंडेल