दाबून ठेवलेली बातमी

प्रिय माय,

मले नोकरी लागली! घे, बोलली एकदाची. घराबाहेर कोणाले सांगायची सोय नाही, म्हणून तुलेच लिहून राहिली. रामाकोन्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स! सौंसरहून बसनं जाणं-येणं होते, बाबाले एकटं टाकायचं काम नाही.

बातमी आली तेव्हा मी ओरडणारच होती. आत्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल व! मायचं वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात कढई चढवायची नाई, ताट बाहेर द्यायचं नाई. पेढ्याचं तर नावच काढू नको. लोक म्हनतीन, माय गेली अन् पोरगी गोड वाटून राहिली." बाबा खाटेवर बसले होते. त्याहिनं माझ्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली.

तू असती तर? माझी बारावी सेकंड डिव्हिजननं निघाली, तरी तू गूळ-खोबऱ्याचं ताट घेऊन अख्खी गल्ली फिरली होती. मी लाजेनं मरून राहिली होती, अन् तू बसच्या कंडक्टरलेही थांबवून सांगत होती! "एकटीनं खाल्लेलं गोड अंगी लागते का व?" म्हणायची.

आता आपल्या दारावरून जाताना लोक आवाज कमी करतात. संत्र्याची पहिली तोड झाली. तू व्यापाऱ्याच्या आधी शेजारी द्यायची ना? औंदा टोपलं अंगणातच पडून राहिलं. जीव गुदमरते माय! आमच्यासोबत रडायले सगळे येतात, हसायले कोणीच येत नाही. अन् आम्हाले जाता येत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते शोभाकाकूचं. भिंतीले भिंत लागून घर, अन् त्याहिच्या पिंकीची सोयरीक लोधीखेड्याले जुळली हे मले बसस्टँडवर परक्या बाईकडून कळलं! मी काकूले गाठलंच. "काकू, सांगितलं काऊन नाही?"

त्याहिचे डोळे भरून आले. "कोन्या तोंडानं येऊ बाई? तुमच्या घरी दुःख. तुझी माय असती तर पयले तिच्यापाशीच धावली असती मी."

पाहुणे आले त्या दिवशी दारं लावून घेतली होती म्हणे. गाणं नाही, वाजवणं नाही. एकुलती एक पोरगी, अन् चोरून आनंद करून राहिल्या बिचाऱ्या, आपल्यामुळं!

माय, मले तुझाच राग येते. साऱ्या गल्लीले सवय लावून गेली अन् तुझ्यामागं हे कसं करायचं ते सांगितलं नाही. सगळे म्हणतात, तुझ्यासाठी पाळून राहिलो. तुले पटलं असतं का हे? खरं सांग!

आत्ताच मी बाबाले पिंकीचं सांगितलं. ते म्हणाले, "आपल्यापायी त्याहिची पोरगी अशी मुक्यानं सासरी जाईल का?" अन् उठून टोपी शोधायले लागले. आत्या सैपाकघरातून ओरडली, "दादा, वर्ष तरी होऊ दे!" बाबानं ऐकलं नाही. तू गेल्यापासून ते पहिल्यांदाच कोणाच्या घरी जायले निघाले.

तुले शब्द देते, माय. आता आम्ही दोघं शोभाकाकूच्या दारी जाऊन राहिलो. आधी पिंकीच्या सोयरिकीचा पेढा हक्कानं मागून खाईन, मग माझं सांगीन. रडू आलं, तर तेही तिथंच, त्याहिच्यात बसून रडीन.

तुझी,
स्वाती