चाकामागचे ठोकळे

१२ नोव्हेंबर
पुन्हा ठोकळे बाहेर. या बळीरामला एकदा जॅकखाली झोपवून वरून गाडी सोडली पाहिजे. मग समजेल.
गॅरेजात गाडीच्या सामानाचा खोका मी भरतो. जॅक, पाने, दोन फॅन बेल्ट, फ्यूज, बल्ब, रेडिएटरचा पाईप, ओढायचा दोर. आणि चाकामागे लावायचे दोन लाकडी ठोकळे. गाडी भाड्यानं घेणारी पार्टी गाडीतच झोपते, गाडीतच रांधते, चार-चार दिवस जंगलात. बिघडली तर तिथं कोण आहे? पण बळीराम ड्रायव्हर साहेबांना स्वतःच्या डब्याला जागा पाहिजे. "लाकडाची पूजा करतं का बे? वीस वर्षं गाडी चालवून राहिलो. दगड पुरते मले." फेकले भिंतीवर.
तो चहाला गेला तेव्हा मी परत ठेवले. गाडीतल्या पलंगाखाली, गोधडीत गुंडाळून. ही सहावी वेळ.

१६ नोव्हेंबर
गाडी आली. ठोकळ्यांना ओली माती. म्हणजे लावले होते. तोंडातून शब्द नाही हरामखोराच्या.

१९ नोव्हेंबर
आज मारलं त्यानं. पार्टीसमोर.
अमरकंटकला जाणारी पार्टी सामान चढवत होती. त्यानं खोका उघडला, ठोकळे फेकले, वरून एक फॅन बेल्टही फेकला. मी म्हणलं, "दादा, बेल्ट तुटला तर पार्टीच्या ओढणीनं बांधशील का?" बाया हसल्या. त्याला ते लागलं. कानाखाली अशी ठेवली की दातानं जीभ फाटली. बेल्टवरच थुंकलो, लाल.
चाक खोलायचा पाना माझ्या हातात होता. त्याच्या कानामागं कुठं बसवायचा ती जागाही पाहून घेतली होती. गौरांग भैयानं मनगट पिरगाळलं. "छोड़ सुमेध, सीनियर है." मालक आहे, त्याला पार्टीचे पैसे दिसतात. पार्टीतला एक जण मोबाईल काढून उभा.
बेल्ट परत खोक्यात टाकला. ठोकळे नाही टाकले. पडले तिथंच पडू दिले. गाडी गेली.

२० नोव्हेंबर
गाल टम्म. जेवता येत नाही. ठोकळे भिंतीशी आहेत. लाथ मारली.

२१ नोव्हेंबर
दिंडोरीच्या अलीकडं, उतारावर, मागचं चाक पंक्चर. बळीरामनं दगड लावले, जॅक चढवला, चाक काढलं. दगड सरकले. गाडी जॅकवरून उतरली, उजव्या हातावर. पार्टीच्या चार माणसांनी गाडी उचलून हात काढला. पंजाचं नुसतं चिपाड. जबलपूरला आणेपर्यंत मनगटातून कापायचं ठरलं होतं.
दोन दिवस मी हेच मागून राहिलो होतो. नेमकं हेच.

२२ नोव्हेंबर
दवाखान्यात गेलो. त्याची बायको भावना वहिनी वारासिवनीहून आली आहे. मला चहा दिला तिनं.
बळीराम वर पाहूनच बोलला. "पलंगाखाली पाहिलं मी. गोधडी झटकली. पाण्याच्या टाकीमागंही पाहिलं. पार्टीले म्हणलं थांबा, आमचा पोट्टा ठेवतेच कुठंतरी."
"फेकत काहून होतो मी? तू परत ठेवतं म्हणून फेकत होतो बे."
मग म्हणे, गाल दाखव. मी दाखवला. "जोरात लागली," म्हणे.
बाहेर येऊन भिंतीवर मुठी हाणल्या. सालं निघाली. कमीच निघाली.

२४ नोव्हेंबर
गौरांग भैयानं कागद टाईप करून आणला. ड्रायव्हरनं स्वतः ठोकळे फेकले, सामान भरणाऱ्यानं पाहिलं. "साइन कर दे. गलती उसकी, तो इलाज का खर्चा भी उसका." वरून म्हणे, पुढल्या महिन्यापासून गाडी शिकवतो तुला, ड्रायव्हरची जागा रिकामीच आहे.
दोन वर्षांपासून मी तेच मागत होतो. आईला सांगितलंही होतं, ड्रायव्हर होणार म्हणून.
कागद खरा आहे. एकही ओळ खोटी नाही. खिशात ठेवून झोपलो.

२६ नोव्हेंबर
कागदाच्या पाठीवर लिहिलं. माझ्या अक्षरात, सहावी नापासाच्या. 'गाडी बिना ठोकळ्याची गेली हे मला मालूम होतं. मालकालाही मालूम होतं, तो तिथंच उभा होता. गाडी तपासून देणं गॅरेजचं काम आहे.' सही. फोटो काढून गौरांग भैयाला पाठवला, कागद भावना वहिनीला दिला.
वहिनीनं उभ्यानं वाचला. दोनदा. "तुले मालूम होतं?" मी म्हणलं, हो. चप्पल काढली तिनं. तोंडावर, डोक्यावर, मानेवर. नर्स धावली. मी हात वर नाही केले. वहिनी रडत नव्हती, मारून राहिली होती फक्त. कागद मात्र दुसऱ्या मुठीत घट्ट होता.
संध्याकाळी गॅरेजवर गौरांग भैयानं जॅकच्या दांड्यानं पाठ फोडली. एक मीही दिली, नाकावर. पगाराचा हिशोब नाही, काही नाही. बॅग रस्त्यावर.

३ डिसेंबर
भेडाघाटला संगमरवराच्या कारखान्यात दगड घासतो. नाकातोंडात पांढरी भुकटी. गौरांग भैयाच्या भावानं बळीरामचं दवाखान्याचं बिल भरलं म्हणे. पोलिसात माझा कागद जाऊ नये म्हणून.

१० जानेवारी
पहिला पूर्ण पगार. सहा हजार दोनशे भावना वहिनीला पाठवले.
आईचा फोन घेतला नाही.

११ जानेवारी
वहिनीनं पैसे उलटे पाठवले. मेसेज नाही, फोन नाही.
मी पुन्हा पाठवले. सहा हजार दोनशे.