खबरदारी शेवटी लिहू नये

१२ जून, रविवार

ताई,

नाही म्हणजे नाही. फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस, मधेच ‘लॅब सुरू होतेय’ म्हणून ठेवून दिलास. म्हणून कागदावर भांडतोय. कागद मधेच कट करता येत नाही. आणि हो, नमस्कार. मी बरा आहे, तूही बरी असशील, डोकं सोडून.

पाच वर्षांचा कोर्स तीन वर्षांत कसा काय संपतो? बीएस्सी आणि एमएस्सी एकत्र, एकदा आत शिरलं की थेट शेवटी बाहेर, असं तूच आईला समजावून सांगत होतीस. आता महिनाभर म्हणतेस, तिसऱ्या वर्षानंतर एक फॉर्म भरला की नुसती बीएस्सी घेऊन बाहेर पडता येतं, तशी सोय आहे. सोय काय, बसलाही मागचं दार असतं. म्हणून आपण निम्म्या रस्त्यात उतरतो का?

फॉर्मची शेवटची तारीख तीस. म्हणजे मला अठरा दिवस आहेत, त्यातले चार टपाल खाणार. तेव्हा सगळं नीट वाच, उड्या मारत वाचू नकोस. उड्या मारत वाचल्याने काय होतं ते पुढे येईलच.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, मी वेळेवर जेवतो. खोलीत आम्ही तिघं आणि खाटा दोन, पण एकाची रात्रपाळी असते, त्यामुळे कुणी जमिनीवर येत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र तिघंही एकमेकांकडे संशयाने बघतो. हे शेवटचं आईला सांगू नकोस.

तर गेले सहा महिने मी तुला विचारत होतो ना, एका ओळखीच्या माणसाला हवंय म्हणून, की कापडावरचा रंग पहिल्या धुण्यात का उतरतो, पाण्यात मीठ आधी टाकायचं की सोडा आधी. तो ओळखीचा माणूस मीच. तुझी माझी बऱ्यापैकी ओळख आहे. मी गोदामात पोती उचलतो असं तुला वाटतंय, पण ते फक्त पहिले दोन महिने. इथे चादरी रंगवतात. रंगाच्या टाकीपाशी एक रंगारी काका आहेत, चाळीस वर्षं नुसत्या नजरेने रंग जुळवतात, आणि आता त्यांना निळा आणि जांभळा एकच दिसायला लागलाय. माल परत यायला लागला. मी सहज म्हटलं, सोडा नंतर टाकून बघू, तोही थोडा थोडा. टाकला. रंग टिकला. मालकांनी मला पोत्यांखालून काढून टाकीपाशी उभं केलं आणि पगार वाढवला. मी सगळ्यांना वाटू दिलं की हे माझंच डोकं.

रागावू नकोस, पुढे रागावायला बरंच आहे.

तू पानं पाठवायचीस ती प्रयोगवहीसारखी. वर उद्देश, मग साहित्य, मग कृती, मग निरीक्षण, मग अनुमान. ती मी टाकीपाशी उभा राहून मोठ्याने वाचायचो, जशीच्या तशी. ‘द्रावण सावकाश ढवळावे.’ इथे असं कुणी बोलत नाही. सगळे मला ढवळावे म्हणायला लागले. गेल्या महिन्यात नवीन कारकून आला, त्याने पगाराच्या वहीत ते आडनाव म्हणून लिहून टाकलं. मीही दुरुस्त केलं नाही. त्या नावाला वजन होतं.

मग दवाखान्याच्या तीनशे चादरी आल्या. रंग आकाशी. तुझं पान माझ्याकडे होतंच. साहित्य काढलं, कृती वाचली, तशी केली. निरीक्षण काय होणार ते तू आधीच लिहिलं होतंस, ‘रंग सर्वत्र सारखा चढलेला दिसतो,’ म्हणून मी चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर सारखा सोडून सगळ्या प्रकारे चढलेला. कुठे गडद निळा, कुठे जवळजवळ पांढरा. एका चादरीवर तर नकाशा उमटला होता, बेटांसकट. मी घाईघाईने पान उलटलं. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, तुझ्या त्या बारीक अक्षरात: ‘खबरदारी: रंग टाकण्यापूर्वी कापडात धुलाईचा सोडा उरलेला नाही, याची लिटमसची पट्टी बुडवून खात्री करावी.’

ताई, जे सगळ्यात आधी करायचं ते सगळ्यात शेवटी लिहायचं, ही तुम्हा शिकलेल्या लोकांची कुठली पद्धत? घराला आग लागली तर तुम्ही आधी घराचं वर्णन कराल.

मालक आले. एकेक चादर उलगडून बघत राहिले, जणू पुढची तरी बरी निघेल. तीनशे चादरी उलगडायला किती वेळ लागतो माहितीय? मी शेजारी उभा राहून घड्या घालत होतो. ऐंशीच्या आसपास त्यांनी माझ्या हातातलं पान मागितलं. दोन्ही बाजू वाचल्या.

“हे कुणी लिहिलं?”

“बहिणीने.”

“आणि वाचलं कुणी?”

“मी.”

“अर्धं,” ते म्हणाले. मग पान घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. “बहीण काय करते तुझी?”

मी सांगितलं, केमिस्ट्री शिकते, तीन वर्षं झाली, दोन राहिली. त्यांनी विचारलं की तीन वर्षांचं काही हातात मिळतं का. माझं तोंड बघ, मी म्हटलं, मिळतं, तशी सोय आहे.

आता जे अकरा दिवस लिहायचं टाळतोय ते लिहितो. मालकांना तू हवी आहेस. रंगारी काका या महिन्याअखेर घरी बसणार. ऑफिसच्या वरची खोली तुझी, तिथे काचेचं कपाट आहे, वजनकाटा आहे, खिडकीत उजेड चांगला येतो. पगार माझ्या दुपटीहून जास्त. बीएस्सी पुरेशी आहे म्हणाले. तुझ्या बसच्या तिकिटाचे पैसेसुद्धा माझ्या हातावर ठेवले. मी तुझ्या हाताखाली काम करायचं, आणि मला वाटलं होतं मी चिडेन, पण मला तर हसू आलं.

तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशीच्या बसने आली असतीस, म्हणून सांगितलं नाही. आणि खोटं कशाला, एक-दोनदा वाटलंही की यावीस. वरच्या खोलीत जाऊन मी तुझं टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवून आलो. भिंतीला नको, तिथे ओल आहे. इथे आल्यापासून मी कुणाशी पोटभर भांडलेलो नाही. इथली माणसं चांगली आहेत, लगेच ऐकतात.

पण तू का सोडतेयस ते मला माहितीय. तोंडाने म्हणतेस, कंटाळा आला, पुढचा अभ्यास अवघड आहे. तुला आणि कंटाळा! सुट्टीत पुस्तकाला कव्हर घालत बसणारी तू. मी शाळा सोडली ती तुझ्यासाठी, दोघांचं एकदम शिक्षण झेपणार नव्हतं म्हणून धाकट्याने माघार घेतली, असं तुझ्या डोक्यात बसलंय. तू ते फेडायला निघालीस.

तर ऐक. आईने ज्या दिवशी आपल्या दोघांना समोर बसवून खर्चाचं सांगितलं, त्याच्या आधी तीन आठवडे मी शाळेत गेलोच नव्हतो. दप्तर घेऊन निघायचो आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात बसायचो. मेकॅनिक मला नट आवळायचे पाने हातात द्यायला लावायचा. बाकावर मला बसवतच नव्हतं, ताई. पाय थांबायचे नाहीत. शाळेतून आता घरी चिठ्ठी येणार म्हणून मी घाबरलो होतो, तेवढ्यात आईने विषय काढला, आणि मी मान खाली घालून म्हटलं, मी सोडतो, ताईला शिकू दे. आई रडली. तू रडलीस. मला त्या दिवशी दुधावरची साय मिळाली. एवढा फायदा होत असताना खरं कोण सांगतं?

सात वर्षं मी ती साय खातोय. आता बस.

तेव्हा माझं तुझ्यावर काही कर्ज नाही. असलंच तर उलट आहे. पुढची दोन वर्षं तुला शिकायचंच नसेल तर तसं सांग, मी गप्प बसेन. पण माझ्यासाठी म्हणून फॉर्म भरू नकोस, माझ्यासाठी असं काही झालेलंच नाही.

मालकांना मी काल तिकिटाचे पैसे परत दिले. दोन वर्षांनी ती येईल म्हटलं. ते म्हणाले, दोन वर्षं मी कुणासाठी थांबत नाही, उद्यापासून दुसरा माणूस बघतो. चादरींचे पैसे माझ्या पगारातून दर महिन्याला कापणार, तेही सांगितलं. म्हणजे तुझी ही जागा गेली, हे तुला कळायला हवं. गेली ती माझ्यामुळे गेली, यावर तू मला आयुष्यभर बोलू शकतेस.

निर्णय तुझा आहे असं शेवटी लिहायची रीत असते. मला तसं वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

आईला गॅरेजचं तूच सांग. मी समोर नसताना सांग.

तुझा, काहीही न सोडलेला,
धाकटा

ता. क. तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन करून चौथ्या वर्षाची फी विचारली. तेवढीच मनीऑर्डर करतोय. वर बसच्या तिकिटापुरतेसुद्धा नाहीत, मुद्दाम. अठरा हजार सहाशे चाळीस.