बादशानं आज ओढलं नाही

भिंगार, मंगळवार संध्याकाळ

बादशा आज पट्टा न ओढता घरापर्यंत चालला. शहाणा झाला मेला! मुलगा पुण्याला गेला आणि हे वासराएवढं कुत्रं माझ्या गळ्यात पडलं. त्यानं ओढलं की जागेवर थांबायचं, पट्टा सैल पडला की चालायचं, महिनाभर एवढंच शिकवलं. मटणाच्या दुकानाकडं तो हमखास ओढायचा, म्हणून शेजारच्या रशीदभाईंच्या इस्त्रीच्या टेबलापुढं रोज थांबणं व्हायचं.

"काय काकू, आज पन अडवलं का यानं?"

मग दोन शब्द व्हायचे. आज पट्टा सैलच. रशीदभाई खाली मान घालून इस्त्री करत होते. थांबायला कारणच नव्हतं. दिवसभरात तोंडातून "शाब्बास" एवढंच निघालं, तेही कुत्र्यासाठी.

उद्या तिथं मीच ओढू का पट्टा?