गोगलगायी आणि इतर सहा जण

३ मार्च

छे! तिसऱ्यांदा उठून पंखा कमी-जास्त केला. रविवारच्या सदराला सहाशे शब्द हवेत आणि हाताशी फक्त पेंग्विन. दिवसाला दहा हजार डुलक्या, एकेक चार सेकंदांची! गंमत आहे, पण दोनशे शब्दांपुढे ओढवत नाही. वॉम्बॅट नावाच्या प्राण्याच्या चौकोनी लेंड्या मागेच वापरून झाल्या.

'शास्त्रज्ञांना काम काय?' हे सदराचं नाव संपादकांचं. वाचक जाम खूश. मला मात्र बूड टेकून बसता येत नाही. एक परिच्छेद, घरभर एक फेरी, पुन्हा एक परिच्छेद.

४ मार्च

सापडलं! तळ्यातल्या गोगलगायी झोपतात. एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं माणसं आळीपाळीने काचेच्या टाकीसमोर बसून टिपून ठेवतायत – कोण कधी झोपली, कधी उठली. काही नवं शिकवलं की जास्त झोपतात का, एवढंच बघायला!

अख्खा शोधनिबंध कोण वाचतंय? वरचा सारांश घेतला, पहिलं नाव घेतलं, पुढे 'आणि इतर सहा जण'. या धंद्यात सगळे असंच करतात. शेवटचं वाक्य झकास जमलं – 'दुसऱ्याची झोप बघत बसायचा पगार देणारी ही जगातली एकमेव नोकरी.'

९ मार्च, रविवार

सकाळपासून सतरा फोन. सगळे हसतायत. आईनेही चहा गाळून झाल्यावर उभ्या उभ्या वाचलं, हसली, आणि मधेच थांबली.

"अगं, हे ताईचंच ना?"

मी म्हटलं, भलतंच काय, ताई मज्जासंस्थेवर काम करते.

"कुणाच्या?"

अकरा वर्षांत मी हे एकदाही विचारलं नाही! धावत जाऊन निबंध उघडला. इतर सहा जणांत चौथं नाव माझ्या सख्ख्या बहिणीचं.

१० मार्च

ताई फोन उचलत नाही.

१२ मार्च

आज तिने आईला फोन केला. मला नाही. संस्थेच्या बैठकीत माझं कात्रण सगळ्यांच्या हातात होतं म्हणे. 'लोक हसतायत' म्हणून ताईच्या हाताखालच्या बाईंना दुसऱ्या विभागात हलवलं. गोगलगायींची शेवटची तुकडी महिनाअखेरीपर्यंत बघायची आहे आणि मधे एक दिवस जरी सुटला तरी ती तुकडी बाद. ती बाद, तर अकरा वर्षांच्या कामाला शेवटच नाही. आता सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही पाळ्या ताई एकटीच बसते.

लाज वाटतेय. नुसती लाज.

संपादकांना खुलासा छापायला सांगितलं. त्यांचं म्हणणं, हसवणाऱ्याने खुलासे देत बसायचं नसतं. हट्टच धरला तेव्हा चार ओळी कबूल केल्या.

१६ मार्च, रविवार

खुलासा छापून आला. सातव्या पानावर, हरवलेल्या प्रमाणपत्रांच्या जाहिरातींखाली. आईलासुद्धा शोधावा लागला.

१८ मार्च

गेले शेवटी तिच्या प्रयोगशाळेत. लहानशी खोली, एक टाकी, एक खुर्ची. ताई उठली नाही, वळलीसुद्धा नाही – नजर काढता येत नाही तिला. तिच्या पाठीकडे बघतच माफी मागितली.

"हसलीस त्याचं काही नाही गं. आम्हीही हसतो. पण तू वाचलंच नाहीस."

मी म्हटलं, एक पाळी मी बसते. तेव्हा ती पहिल्यांदा वळली. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं.

"तुला पाच मिनिटं तरी बसवेल का?"

उत्तर द्यायच्या आधीच मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागले होते! तिने हातानेच दार दाखवलं. घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते.

१९ मार्च

पूर्ण निबंध वाचला. बावीस पानं. सात वेळा उठले, पण वाचला. चौदाव्या पानावर कळलं – टाकीजवळ कुणी हललं की तेवढ्या वेळची नोंद रद्द. म्हणजे हे लोक अकरा वर्षं दगडासारखे बसलेत!

संपादकांना महिनाअखेरपर्यंतची रजा कळवली. कारण विचारलं. 'गोगलगायी' म्हटलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

२० मार्च

चौदाव्या पानाचं सांगितलं, तेव्हा ताईने बसू दिलं. अर्धा तास. ती शेजारी उभी राहून माझ्या पायांवर नजर ठेवून होती.

२१ मार्च

दुपारी १.०५ – सतरा नंबर झोपली.

१.२७ – सतरा नंबर उठली.

१.४० – नऊ नंबर झोपली.

२.१० – ताई झोपली. शेजारच्या स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून.

२.०२ ला नऊ नंबर उठली होती, लिहायचं राहिलं.

४.३५ – ताई अजून झोपलेली. मी हललेले नाही.