जोगळेकरांची पट्टी

कलकत्ता, शनिवार, २६ सप्टेंबर १९५३

आज जोगळेकरांना बघायला इस्पितळात गेलो. जायला नको होतं. छे, आधीच जायला हवं होतं.

गणेशोत्सवात मी त्यांची नक्कल केली. कागदाच्या लांब पट्टीवर वाकड्या रेघा काढल्या, ती कार्डिओग्राम म्हणून उपरण्यासारखी गळ्यात टाकली आणि छाती धरून ओरडलो, "गेलो हो!" गार्डन रीचच्या ऑफिसातून त्यांना तीनदा इस्पितळात हलवलं होतं आणि तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं. एवढ्या भांडवलावर सगळं मंडळ हसवलं. पहिल्या रांगेत तेही हसत होते.

सोमवारी कळ आली, तर माणूस दिवसभर गप्प. संध्याकाळी कोसळले तेव्हा वहिनींना कळलं.

मी डॉक्टरांना विचारलं, पट्टीवर दिसत नाही का? म्हणाले, "यांच्या हृदयात डावीकडे विजेची वाट कायमची अडलेली आहे. झटका असो वा नसो, पट्टी वाकडीच येते. अशा वेळी रोगी काय सांगतो त्यावर सारी भिस्त. यांनी तोंडच उघडलं नाही."

ते कोणी बंद केलं, हे डॉक्टरांना ठाऊक नाही. वहिनींना असावं. तरी थर्मासमधला चहा त्यांनी आधी मलाच दिला.

जोगळेकरांनी खुणेने जवळ बोलावलं. "सांगणार होतो हो. पण म्हटलं, तुम्हाला आयता दुसरा अंक मिळेल."

 

ती पट्टी अजून खणात आहे. पुढच्या वर्षी लागेल म्हणून नीट घडी करून ठेवली होती.