पाटलीणबाईंना शनिवारचं आमंत्रण

उल्कानगरी, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, दुपार

प्रिय सुलेखा,

हातानं पत्र लिहून मला वीस वर्षं तरी झाली असतील. श्रेयाच्या कॉलेजच्या वहीतली कोरी पानं काढून बसले आहे आणि स्वतःचं अक्षर बघून मलाच हसू येतंय. पण तू फोन उचलत नाहीस, ग्रुपमधून एका शब्दानं न सांगता निघून गेलीस, मग मी करणार तरी काय? तर आधी मुद्द्याचं. शनिवारी चार वाजता माझ्याकडे हळदीकुंकू आहे आणि तू यायलाच हवंस. सबबी नकोत. रथसप्तमी झाली की पुन्हा वर्षभर तिळगूळ नाही. या वेळची थीम काळी साडी. तुझी ती लाल काठाची आहे ना, तीच नेस. तू हळदीकुंकू लावून घेत नाहीस हे मला ठाऊक आहे, त्याचा मी कधी बाऊ केलाय का? आम्ही एकमेकींना लावायचं आणि तू तिळगूळ घेऊन सोफ्यावर बसायचं, हे इतकी वर्षं किती छान चाललं होतं.

सगळ्याजणी विचारत असतात, सुलेखा येणार का म्हणून. सोनिया तर रोज. काळजीनं तिचं चार किलो वजन उतरलंय, निदान तेवढं तरी या प्रकरणात बरं झालं. नवीन ब्लाउज शिवायला टाकलेत आणि मापं सैल होतील म्हणून रडतेय. तुझ्याशिवाय आमच्यात कुणाला धड हसता येत नाही ग. हा सातजणींचा ग्रुप उभा कुणी केला? तू आणि मी. जालना रोडच्या त्या हॉटेलात आपण शाळेच्या गणवेशाची थीम केली होती, तेव्हा आम्ही सगळ्या चाळिशीच्या बाया दोन वेण्या घालून गेलो आणि तू एकटी छडी घेऊन बाई होऊन आलीस. तू खरीच मुख्याध्यापिका, त्यामुळे हजेरी अशी घेतलीस की शेजारच्या टेबलावरचा एक माणूससुद्धा हजर म्हणाला. त्या दिवसाचा फोटो अजून माझ्या फ्रीजवर आहे.

आणि कोजागरीला आमच्या गच्चीवर पांढऱ्या साड्यांची थीम होती, ते? सोनिया म्हणाली, सुलेखाला बरंय, नवीन घ्यायला नको, चौदा एप्रिलची घरात असेलच. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं होतं सांग? तू. मग मसाला दुधाचा दुसरा पेला न घेता लवकर घरी गेलीस, पण ते शाळा तपासणी होती म्हणून. तू हसायचीस म्हणून आम्हाला वाटायचं, हिला चालतं. आता एकदम चालेनासं झालं तर ते आम्हाला कळावं कसं?

आपलं नातं असं कालपरवाचं आहे का? होस्टेलच्या खोलीत तीन वर्षं आपण एका दिव्यावर काढली, दुसरा कायम गेलेला. तुझी आई गोजरबाई देवगाव रंगारीहून एसटीनं डबा पाठवायची. सुक्या बोंबलांची ती चटणी मी बोटं चाटून खायची आणि कन्नडला घरी गेले की आईला सांगायची, वरणभात खाल्ला. तू एकदा सुट्टीत माझ्याबरोबर कन्नडला आलीस, तेव्हा आईनं आम्हा सगळ्यांना कपात चहा दिला आणि तुला स्टीलच्या पेल्यात. मला तर घाम फुटला होता, पण तुझ्या काही लक्षात आलं नाही, देवाचीच कृपा. पुढं माझ्या लग्नात तू सहा कपांचा सेट दिलास. बायका पैठणी देतात, समई देतात, आणि ही आपली कप घेऊन आली. मी कितीदा ही गंमत सांगून हसले आहे.

माझं लग्न ठरलं तेही नेमकं तुझ्याच गावात, देवगावच्या पाटलांकडं. मी इंद्रजीतचा फोटो दाखवला तेव्हा तू मला एक गोष्ट सांगितलीस. ती गोष्ट मी विसरलेले नाही, एवढंच इथं लिहिते. मागाहून त्यावर येते.

हुरड्याच्या दिवशी काय झालं ते शांत डोक्यानं बघू. शेत माझं, आग्रह माझा, थीम माझी, जुनं गाव. दुपारी ऊन मस्त होतं, आगटी पेटलेली, वच्छलाबाई कणसं भाजत होती आणि तू तळहातावर हुरडा चोळून सगळ्यांच्या ताटल्यांत टाकत होतीस. कुणी काय व्हायचं त्याच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, कुंभारीण, परटीण, कासारीण, अशा. एक चिठ्ठी मी लिहिलीच नव्हती, एवढी अक्कल मला आहे. आणि तुझी चिठ्ठी तर तांब्यात टाकलीच नाही, मुठीत वेगळी ठेवली होती. पाटलीण! तुझ्याच गावात, तुझ्याच शिवारात, मी तुला पाटलीण केलं. सासूबाईंचं इरकल नेसवलं, त्यांची ठुशी, पाटल्या, नथ, सगळं माझ्या हातानं घातलं. मी स्वतः काय झाले होते? न्हावीण. याला अपमान म्हणतात का? बाजेवर लोडाला टेकून बसलीस तेव्हा इतकी शोभत होतीस की सोनियाचं तोंड एवढंसं झालं.

म्हणूनच बहुतेक तिनं ते केलं. तिला निघाली होती परटीण. पण तिनं राखणदाराचं घोंगडं खांद्यावर टाकलं, त्याची घुंगरांची काठी उचलली आणि तुझ्यापुढं वाकून म्हणाली, जोहार मायबाप. एकीनं केलं की बाकीच्या करणारच. सगळ्याजणी रांगेनं येऊन वाकायला लागल्या, आणि खरं सांगू, चित्र मजेशीर होतं, पाटलीण कोण आणि जोहार कोण घालतंय! मी हसले. हसू दाबता येत नाही माणसाला. सोनिया पाणी मागायला लागली, ओंजळ करून, गुडघ्यावर बसून. तेव्हा मी म्हटलं, वरून ओता पाटलीणबाई, लांबून, तांब्या लागू देऊ नका.

हो, तो आवाज माझा आहे. आपल्यातल्याच एकीनं काढलेल्या व्हिडिओत मी दिसत नाही, पण आवाज माझाच आहे हे आता पोरंटोरं ओळखतात. पण सुले, मी हे माझ्या मनाचं तर काही बोलले नाही. तूच सांगितलं होतंस ना होस्टेलवर? तू सात वर्षांची असताना याच शेतात, याच विहिरीपाशी तुझी आई ओंजळ करून उकिडवी बसली होती आणि माझ्या सासूबाई वरून पाणी ओतत होत्या. ते तिच्या कोपरांवरून ओघळत होतं आणि तुला तहान लागली होती म्हणून तू ते कोपराखाली हात धरून प्यायलीस. हे सांगून तू म्हणालीस, कुणाजवळ बोलू नकोस, आईला कमीपणा वाटेल. मी कुठं बोलले कुणाजवळ? गोष्ट सांगितलीच नाही मी, त्या शब्दांमागं काय आहे ते तिथं फक्त तुला आणि मला माहीत होतं. मला वाटलं, उलटं झालेलं बघून तुला गंमत वाटेल. असं मी इंद्रजीतला सांगते. तुला खोटं सांगून उपयोग नाही. तू त्या बाजेवर इतकी सहज बसली होतीस, सासूबाईंची नथ तुला माझ्यापेक्षा चांगली दिसत होती, आणि माझ्या पोटात काहीतरी दुखलं. तोंडातून निघून गेलं.

तू मात्र कमाल केलीस. तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत जमिनीवर ओतलास, माझ्याकडं बघत. मग एकेक दागिना काढून बाजेवर ठेवलास आणि वच्छलाबाईला हाक मारून म्हणालीस, मावशी, बघून घ्या, नथ, ठुशी, चार पाटल्या. हे गरजेचं होतं का? आम्ही काय तुझ्यावर आळ घेणार होतो? मला ते फार लागलं, अजून लागतं. स्वतःची साडी नेसून, इरकलाची घडी करून तू फाट्याकडं चालायला लागलीस, आणि वच्छलाबाई हातातली कणसं टाकून तुझ्या मागं. “चल माय, मी येते फाट्यापर्यंत. इथं नको थांबूस,” असं म्हणाली. त्या दिवसापासून ती आमच्या कामाला आलेली नाही. ज्वारी काढणीला येतेय आणि गावातली दुसरी एक बाई मिळत नाही, या सगळ्याचा त्रास कुणाला होतोय याचा तूही विचार कर.

व्हिडिओ मी पसरवला नाही. सोनियानं हौसेनं स्टेटसला ठेवला, तासाभरात काढला, पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. श्रेयानं तो तिच्या कॉलेजात कुणाच्यातरी फोनवर बघितला. घरी येऊन मला म्हणाली, मम्मी, हा तुझा आवाज आहे का, खरं सांग. तू तिला दहावीचं गणित शिकवलंस, वर्षभर, एक पैसा न घेता, म्हणून तिला तुझा पुळका. मी तिला हसवायला ती कपांची जुनी गंमत सांगितली, कन्नडचा स्टीलचा पेला आणि लग्नातला सेट. ती हसली नाही. माझ्याकडं इतका वेळ बघत राहिली की तेव्हा कुठं मला कळलं, तू कपच का दिले होतेस ते. चोवीस वर्षांनी कळलं, तेही पोटच्या पोरीच्या नजरेतून. त्या दिवसापासून ती या घरात चहा स्टीलच्या पेल्यात पिते. माझ्यासमोर बसून पिते आणि बोलत नाही. नाटकं आहेत, दुसरं काय. पण मला रोज सकाळी स्वयंपाकघरात जायची भीती वाटते, सुले.

बाकी ठीक. तुझ्या बुद्धभूषणचं वाळूजच्या कंपनीत चांगलं चाललंय असं इंद्रजीत म्हणत होता. पोरगा कामाचा आहे, वरच्या साहेबांना आवडतो. कायम करायच्या पोरांची यादी मार्चमध्ये निघते आणि ती इंद्रजीतच्या टेबलावरूनच पुढं जाते, हे तुला माहीत असेलच. मी काही म्हणत नाही. त्याला तिथं चिकटवताना आपण सगळे किती खूश होतो, एवढंच आपलं आठवलं.

आता पत्र का लिहिलं ते सांगून टाकते. सोमवारी तुला जबाबाला बोलावलंय, आणि अजून तुझी सही झालेली नाही, हे आम्हाला कळलंय. तुमच्या लोकांनी अर्ज दिला असला तरी सगळं तुझ्या शब्दावर आहे. त्या कायद्याचं नावही मला लिहवत नाही. आमच्या वकिलांचं म्हणणं आहे की सोमवारच्या आत एक फोटो मिळाला तर फार मदत होईल. एकच. माझ्या सोफ्यावर, काळ्या साडीत तू, मी तुला तिळगूळ भरवतेय आणि तू हसतेयस. मागच्या भिंतीवर तारीख दिसेल असं कॅलेंडर मी कालच लावून घेतलंय. हसणाऱ्या बाईचा कुणी अपमान केला असं कोण म्हणेल? तू इतकी वर्षं आमच्या सगळ्या थट्टांना हसलीस, आता एकदाच माझ्यासाठी हस. चहा कपातच देईन, तुझ्याच सेटमधल्या. गाडी साडेतीनला पाठवते. आणि हो, इंद्रजीतनं बजावलंय की मेसेज करू नकोस, त्याचे स्क्रीनशॉट निघतात, म्हणून तर हा कागद. वाचून झालं की फाडून टाक. तू माझ्यापाशी विश्वासानं ठेवलेलं मला नाही सांभाळता आलं, पण माझं काही तू कधी कुणाला दाखवणार नाहीस, याची मला खात्री आहे.

तुझीच,
अमृता